क्वामाशूची लेलेटी

परवा शाळा उघडली आमची. पहिलीला यंदा अकरा पोरं आलीत, त्यातली चार रडली, एकाने तर दप्तरासकट जमिनीवर लोळण घेतली, मग त्याला गोडीगुलाबीने आत नेलं. पण मी दरवर्षी बघते ते त्यांच्या आयांकडे. पोरगं वर्गात गेलं तरी काहीजणी हलतच नाहीत, कंपाउंडच्या जाळीत बोटं अडकवून उभ्या राहतात, आतलं काही दिसत नसतं तरी बघत राहतात. आणि तेव्हा मला हटकून एक बाई आठवते जी आमच्या सातारा जिल्ह्यातली नाही, महाराष्ट्रातली नाही, भारतातली पण नाही. लेलेटी खुमालो. दक्षिण आफ्रिकेची नटी. खूप दिवसांपासून तिच्यावर लिहायचं मनात होतं, आज लिहितेच.

२००४ सालचा 'यस्टर्डे' म्हणून पिक्चर आहे तिचा. मैत्रिणीने पेनड्राईव्हवर दिलेला, खाली इंग्रजी अक्षरं येतात पण बोलणं झुलू भाषेत. सुरुवातीलाच लांबलचक मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना वाळकं गवत, आणि त्या रस्त्याने एक बाई आणि तिची लहान मुलगी चालत येतायत. नुसत्या चालतायत. दवाखाना लांब आहे, डॉक्टरीण फक्त मंगळवारी येते, आणि या दोघी पोचेपर्यंत रांग एवढी झालेली असते की सांगतात, आता पुढच्या मंगळवारी या. मग तेवढंच चालत परत घरी. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. पीएचसीच्या ओट्यावर जे कधी बसलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. या बाईचं नावच यस्टर्डे, म्हणजे काल. तिच्या वडलांना वाटायचं की आजच्यापेक्षा कालचे दिवस बरे होते, म्हणून पोरीचं नाव काल. आणि हिने आपल्या मुलीचं नाव ठेवलंय ब्यूटी.

लेलेटी यात ॲक्टिंग करते असं वाटतच नाही. खोकला येतो तेव्हा आधी मुलीकडे बघते, ती बघत नाही ना, आणि मग खोकते. गावातली नवीन मास्तरीण तिला गाडीभाड्याचे पैसे देते म्हणून शेवटी एकदाची ती वेळेत पोचते, रक्त तपासतात, आणि एचआयव्ही निघतो. तिला त्या आजाराचं नावसुद्धा धड माहीत नसतं. नवरा जोहान्सबर्गला खाणीत कामाला. ती त्याला सांगायला एवढ्या लांब जाते, आणि तो तिला मारतो. त्या मारानंतर ती जशी बसून राहते ना, ते मला नीट सांगता येणार नाही, बघावंच लागेल.

नंतर तोच नवरा आजारी होऊन घरी येतो. हाडं राहिलेली नुसती. आणि ही त्याला घरात घेते.

इथे मला जरा थांबावं लागतं. मी डीएड करत होते त्या सुमारास आमच्या गावातल्या एकीचा नवरा असाच मुंबईहून परत आला होता. आमच्याकडचे बरेच बापे मुंबईला, वाशीला माथाडी म्हणून जातात, सणाला येतात. तो सणाला आला नव्हता, कायमचाच आला होता. आजाराचं नाव कुणी तोंडाने घेत नव्हतं, 'मुंबईचा आजार' म्हणायचे. तिच्या घरचा चहा लोकांनी बंद केला, हळदीकुंकवाला तिला बोलावणं बंद झालं, आणि मीही त्या गल्लीने जाताना दुसऱ्या बाजूने जायचे, हे मला आज लिहितानाही वाईट वाटतंय. तिने त्या माणसाचं सगळं केलं. शेवटपर्यंत. पिक्चरमध्ये यस्टर्डे गावाबाहेर नवऱ्यासाठी पत्रे, लाकडं गोळा करून एकटीने खोपट उभं करते, कारण हॉस्पिटलात खाट नाही आणि गावाला तो नको, तेव्हा मला पडद्यावर लेलेटी दिसतच नव्हती, आमच्या गल्लीतली ती वहिनी दिसत होती.

नवरा गेल्यावर ती तेच खोपट घण घेऊन फोडते. एकही डायलॉग नाही. दोन्ही हातांनी घण उचलते आणि पत्र्यावर घालते, परत उचलते, परत घालते. पूर्ण पिक्चरभर या बाईने आवाज चढवलेला नसतो, तो सगळा त्या पत्र्याच्या आवाजात बाहेर येतो. तिने मनाशी एकच धरलेलं असतं, पोरगी शाळेत जाईपर्यंत मरायचं नाही. आणि शेवटी ब्यूटी शाळेत जाते, युनिफॉर्म घालून, आणि ही कुंपणाबाहेर उभी. आता कळलं असेल मला जाळीपाशी ती का आठवते.

पिक्चरमध्ये बायका आपसात एक गोष्ट बोलतात, की शेजारच्या गावात एक पोरगी शहरातून हा आजार घेऊन आली आणि लोकांनी तिला दगडांनी मारून टाकलं. मला वाटलं होतं हे कथेसाठी घातलंय. पण नाही. डिसेंबर १९९८ मध्ये गुगू द्लामिनी नावाच्या बाईने झुलू रेडिओवर उघडपणे सांगितलं होतं की मला एचआयव्ही आहे, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्याच वस्तीतल्या लोकांनी तिला एवढं मारलं की ती गेली. ३६ वर्षांची होती. डर्बनमध्ये आज तिच्या नावाची बाग आहे. आणि ती वस्ती कुठली, तर क्वामाशू. लेलेटी जिथे जन्मली, वाढली तेच क्वामाशू. हे समजल्यावर मी 'यस्टर्डे' परत पाहिला आणि दुसऱ्यांदा तो पहिल्यापेक्षा जड गेला.

क्वामाशू म्हणजे डर्बनच्या उत्तरेला असलेली टाउनशिप. वर्णभेदाच्या काळात काळ्या लोकांना शहरातून उठवून लांब नेऊन वसवायचे ना, तशी. १९५८ पासून केटो मॅनर भागातल्या लोकांना उठवून इथे आणलं. नाव पण कुणाचं, तर मार्शल कॅम्पबेल नावाच्या गोऱ्या साखरसम्राटाचं, त्या मार्शलचं झुलूत माशू झालं आणि क्वामाशू म्हणजे मार्शलची जागा. ज्यांना हाकललं त्यांच्या वस्तीला नाव ऊसवाल्या मालकाचं.

तिथे १९७० च्या मार्चमध्ये लेलेटी जन्मली. तीन वर्षांची असताना वडील गेले. आई गोऱ्यांच्या घरी घरकाम करायची, त्यावर चार पोरं वाढवली. वस्तीत अमाजिका म्हणून पोरांचा नाचाचा ग्रुप होता, कुणाच्या तरी घराच्या मागच्या अंगणात चालायचा, तू नोक्वे नावाची गायिका तो बघायची, त्यात ही लहानपणीच जायला लागली. १९८५ च्या सुमारास म्बोंगेनी न्गेमा हा नाटककार नवीन संगीत नाटकासाठी पोरं शोधत होता, तेव्हा ही त्याला सापडली, जेमतेम पंधरा वर्षांची. आणि त्याने मुख्य भूमिकाच तिला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली. ते नाटक म्हणजे 'सराफिना!'.

सराफिनाबद्दल सांगायचं तर आधी १६ जून १९७६ सांगायला पाहिजे. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोमधल्या काळ्या मुलांच्या शाळांवर सरकारने सक्ती केली की अर्धे विषय आफ्रिकान्समधून शिकायचे. म्हणजे ज्यांनी आपल्याला दाबून ठेवलंय त्यांच्या भाषेत गणित सोडवायचं. मुलं युनिफॉर्मवर रस्त्यावर आली, हजारोंनी, आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यात गेलेला हेक्टर पीटरसन बारा वर्षांचा होता. त्याला उचलून पळत नेतानाचा फोटो जगभर गेला, बघितला असेल तुम्ही, शेजारी त्याची बहीण रडत पळतेय. आज तिकडे १६ जूनला सुट्टी असते, युवक दिन म्हणून. आणि आपल्याकडे बरोबर त्याच दिवसांत शाळा उघडतात. मी पाचवी-सहावीच्या मुलांना दरवर्षी त्या आठवड्यात ही गोष्ट सांगते. पोरं एकच प्रश्न विचारतात, बाई, फक्त भाषेसाठी? मी म्हणते की तुम्हाला उद्यापासून सगळं अशा भाषेत शिकवलं जी तुमच्या घरात कुणालाच येत नाही आणि वर ती तुम्हाला मारणाऱ्याची भाषा आहे, तर? मग वर्ग गप्प होतो.

तर 'सराफिना!' त्या शाळकरी पोरांचं नाटक. जून १९८७ ला जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरमध्ये लागलं, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरला गेलं आणि जानेवारी १९८८ ला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्याच मोठ्या नाट्यगृहांच्या भागात. ५९७ प्रयोग झाले तिथे! गाणी न्गेमा आणि ह्यू मासेकेला यांची. विचार करा, मंडेला अजून तुरुंगात, देशात आणीबाणी, आणि ही टाउनशिपची पोरं शाळेच्या कपड्यात रोज रात्री न्यूयॉर्कच्या लोकांसमोर मंडेलांना परत आणा म्हणून गातायत. लेलेटीला टोनी, म्हणजे ब्रॉडवेच्या नाटकांना देतात त्या पुरस्काराचं नामांकन मिळालं, वय १८. बक्षीस दुसऱ्या कुणाला गेलं, पण क्वामाशूच्या मोलकरणीच्या पोरीचं नाव त्या यादीत होतं.

१९९२ ला त्याचा पिक्चर झाला, डॅरेल रूट दिग्दर्शक. व्हूपी गोल्डबर्ग इतिहासाची शिक्षिका आहे, जी पोरांना पुस्तकात नसलेला इतिहास शिकवते आणि पोलीस तिला उचलून नेतात, ती परत येत नाही. शिक्षक असल्यामुळे असेल पण ते वर्गातले सीन मला फार लागतात. जॉन कानी हेडमास्तर. आणि सराफिनाची आई झालीय गायिका मिरियम माकेबा. ही तीच माकेबा जिला १९६० ला स्वतःच्या देशात परत येऊ दिलं नव्हतं, तीस वर्षं परदेशात काढून १९९० ला ती घरी आली. पिक्चरमध्ये ती गोऱ्यांच्या बंगल्यावर घरकाम करते. सराफिना आधी आईवर चिडते, तू त्यांच्यापुढे वाकतेस म्हणून, आणि तुरुंगात छळ सोसून आल्यावर आईकडे जाते तेव्हा तिची नजर बदललेली असते. लेलेटीची स्वतःची आई हेच काम करायची. तो सीन करताना तिच्या मनात काय झालं असेल ते तिचं तिला, पण तिच्या डोळ्यांत जे दिसतं ते शिकवून येणारं नाही असं माझं ठाम मत आहे.

त्यात सराफिना भिंतीवरच्या मंडेलांच्या फोटोशी बोलते. घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं, आज शाळेत काय झालं, माझं काय चुकलं. पिक्चर आला तोपर्यंत मंडेला सुटलेले होते, ११ फेब्रुवारी १९९० ला सुटले, पण मतदानाचा हक्क मिळायला अजून दोन वर्षं होती.

त्याच १९९२ मध्ये तिने न्गेमाशी लग्न केलं. तो तिच्यापेक्षा बराच मोठा, ज्याने तिला पंधराव्या वर्षी निवडलं तोच. २००५ ला घटस्फोट झाला. तो डिसेंबर २०२३ मध्ये मोटारीच्या अपघातात गेला. त्या लग्नावर तिकडे भरपूर लिहून आलंय, मला इथे त्यात जायचं नाही. एवढंच म्हणते की लोक अजूनही लेलेटीला 'न्गेमाचा शोध' म्हणतात ते मला पटत नाही. शोध एका दिवसात लागतो, पुढची पस्तीस-चाळीस वर्षं कॅमेऱ्यासमोर टिकून राहणं हे तिचं तिने केलंय.

आणि एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९९५ ला सरकारने न्गेमाला एड्सच्या जनजागृतीसाठी 'सराफिना २' बसवायला दिलं. १ कोटी ४२ लाख रँडचं (रँड म्हणजे तिकडचं चलन) काम! एवढा पैसा एका नाटकाला कसा दिला म्हणून केवढा गदारोळ झाला, चौकशी झाली, १९९६ मध्ये ते बंद पडलं. तोवर आजार गावोगाव पसरत होता. नंतर तर राष्ट्राध्यक्ष एमबेकीच शंका घ्यायला लागले की एड्स खरंच एचआयव्हीमुळे होतो का, आणि सरकारी दवाखान्यात औषधं पोचायला २००४ उजाडलं. किती माणसं त्या मधल्या वर्षांत गेली असतील. एवढ्या पैशाच्या त्या नाटकाकडून जे व्हायला हवं होतं ते, मला वाटतं, त्याच २००४ मध्ये 'यस्टर्डे'ने केलं. एक बाई, एक पोरगी, एक मातीचा रस्ता. दिग्दर्शक परत डॅरेल रूटच, आणि निर्माते अनंत सिंग. हे डर्बनचे, भारतीय वंशाचे, 'सराफिना'पण त्यांनीच काढलेला.

झुलू भाषेतला हा पहिला मोठा सिनेमा. ऑस्करला परदेशी भाषेच्या गटात नामांकन मिळालेला दक्षिण आफ्रिकेचा पण पहिलाच. ऑस्कर स्पेनच्या सिनेमाला गेलं, आणि पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या 'त्सोत्सी'ने ते आणलं. जानेवारी २००५ मध्ये मंडेलांचा मुलगा गेला तेव्हा त्यांनी स्वतः पत्रकारांना बोलावून सांगितलं की तो एड्सने गेला, लपवू नका म्हणून. 'यस्टर्डे'ला नामांकन मिळालं ते त्याच महिन्यात.

मला लेलेटीच्या सगळ्या कामात हा भाषेचा धागा दिसतो. सतराव्या वर्षी ती त्या पोरांचं नाटक करते ज्यांना दुसऱ्याच्या भाषेत शिकायचं नव्हतं. सिनेमा होतो तेव्हा तो इंग्रजीत होतो, कारण जगात विकायचा असतो, ठीक आहे. पण तिचं सगळ्यात मोठं काम तिच्या आईच्या भाषेत होतं. इंग्रजीतल्या 'सराफिना'त ती खूप मोठ्याने आहे, हात वर, मान वर, गाते, ओरडते, छानच आहे. झुलूत ती कुजबुजते आणि तरी ऐकू येतं. ज्या भाषेत माणूस लहानपणी आईकडे पाणी मागतो ना, त्या भाषेत त्याला आवाज चढवावा लागत नाही. मी मराठी शाळेत शिकवते, आमच्या शाळेचा पट दरवर्षी कमी होतोय, त्यामुळे हे मला जास्तच जाणवत असेल.

'हॉटेल रवांडा'त, 'इनव्हिक्टस'मध्ये तिचे छोटे रोल आहेत, ते बघितले नाहीत तरी चालेल. हॉलिवूडला जाऊन राहणं तिने केलं नाही. ती घरी आली, टीव्हीवर. 'उझालो' नावाची सिरीयल, तिकडे सगळ्यात जास्त बघितल्या जाणाऱ्यांपैकी, जिची कथा क्वामाशूमध्येच घडते. मंडेला सुटले त्या दिवशी हॉस्पिटलात दोन बाळांची अदलाबदल होते तिथून ती कथा सुरू होते. लेलेटी त्यात पास्टरची बायको होती. म्हणजे ज्या पोरीने मंडेलांच्या फोटोशी बोलताना सगळ्या जगाला रडवलं, तीच पुढे त्यांच्या सुटकेच्या दिवशी सुरू होणाऱ्या गोष्टीत, स्वतःच्या वस्तीत, स्वतःच्या भाषेत, रोज संध्याकाळी लोकांच्या घरात. मग २०१८ ला 'इम्बेवू' आली, म्हणजे बियाणं. त्यात ती माझुलू झाली आणि निर्मात्यांपैकी पण एक. अनंत सिंग पुन्हा सोबत. २०२३ पर्यंत चालली.

माझुलूबद्दल मला खास लिहायचंय. लेलेटीला तरुणपणापासून कोड आहे. कोड म्हटल्यावर मराठी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं ती मेकअपने झाकत होती, नटीला चेहऱ्यावरच पोट असतं, काय करणार. आणि 'इम्बेवू'मध्ये ती न झाकता आली. जवळून घेतलेला चेहरा, डाग स्पष्ट दिसतायत, आणि ती बाई श्रीमंत घरातली, दिमाखात बसलेली, भांडतेय, हुकूम सोडतेय.

माझ्या मावसबहिणीला पंचविशीत ओठांच्या कडेला आणि बोटांवर पांढरे डाग आले. जमलेलं लग्न मोडलं, मुलाकडच्यांनी फोनवरच सांगितलं. मावशी देवाधर्माचं करत बसली, कुणी म्हणालं बाकुची लाव, कुणी म्हणालं दूध-मासे एकत्र खाल्ले असतील. तेव्हापासून ती लग्नाकार्यात जात नाही, गेली तरी पूर्ण हाताचं ब्लाऊज आणि हात पदराखाली, जेवायला सगळ्यांत शेवटी बसते म्हणजे कुणी हाताकडे बघायला नको. गेल्या मे महिन्यात ती माझ्याकडे आली होती, दुपारी लाईट गेलेली, आम्ही दोघी फरशीवर पडलेलो, आणि मी तिला फोनवर 'इम्बेवू'ची एक क्लिप लावून दिली. काही बोलले नाही मुद्दाम. तिने थोडं पाहिलं आणि क्लिप थांबवली. दोन बोटांनी तो चेहरा मोठा केला, मग आणखी मोठा, नाकाजवळचा, डोळ्याजवळचा भाग सरकवून सरकवून बघत राहिली. मग विचारलं, हा मेकअप आहे का गं? मी म्हटलं नाही, तिचं खरंच आहे. मग विचारलं, आणि ही रोज अशीच येते टीव्हीवर? हो म्हटलं, रोज यायची, पाच वर्षं.

ती उठून बसली, पाय पोटाशी घेऊन. म्हणाली, लाव पुढचा. मी म्हटलं अगं झुलू आहे, खाली अक्षरं पण नाहीत याला, कळायचं नाही काही. तर म्हणाली लाव गं, बघू दे. लाईट आली, चहाची वेळ टळून गेली, बॅटरी संपत आली म्हणून चार्जर लावून भिंतीपाशी सरकलो, आणि एक शब्द न कळता आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत माझुलूला बघत बसलो होतो.